श्वासाकडे लक्ष



आपल्या मराठीत श्वासासाठी किती शब्द आहेत पाहा. काळजी वाटली की आपण उसासा टाकतो, संकट टळलं की सुस्कारा सोडतो, जिना चढलो की धाप लागते आणि सामन्याचं शेवटचं षटक तर श्वास रोखूनच पाहतो. मन बदललं की श्वास बदलतो, हे आपल्या आजी-पणजीला कुणी शिकवलं नव्हतं. योगशास्त्र त्यापुढे एकच गोष्ट सांगतं. हा रस्ता उलट्या दिशेनंही जातो. श्वास संथ केला की मनही हळूहळू निवतं.

मी गेली पंचवीस वर्षं रोज सकाळी आसनं करतो. साठी ओलांडल्यावर गुडघ्यांची झीज सुरू झाली आणि डॉक्टरांनी मांडी घालून बसायला मनाई केली. पद्मासन गेलं, वज्रासनही गेलं. मग आपला योग संपला का? हा प्रश्न मला अनेक दिवस सतावत होता. पातंजल योगसूत्रं पुन्हा उघडली, तेव्हा धीर आला. तिथं आसनाविषयी जेमतेम तीन सूत्रं आहेत आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही! लगेच पुढे प्राणायाम येतो. तेव्हापासून मी खुर्चीत ताठ बसतो आणि श्वासाकडे लक्ष देतो.

हृदयाचे ठोके किंवा पचन आपल्या हुकमानं चालत नाही. श्वासाचं तसं नाही. तो आपोआपही चालतो आणि आपण म्हणू तसाही चालतो. म्हणूनच त्याच्या वाटेनं आत शिरता येतं. विश्रांती घेत असताना प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, ते योग असा प्रयोगशाळेत तपासून पाहण्यासाठीच. पुढे २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि मंत्र जपताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला होता.

आता घरी काय करायचं? आसन करताना हात वर नेताना श्वास घ्या, पुढे वाकताना सोडा. शेजारच्याचं डोकं गुडघ्याला टेकलं म्हणून आपलंही टेकलंच पाहिजे असं नाही. श्वास अडखळला, दात आवळले गेले, की समजा मर्यादा आली. तिथून थोडं मागे या. श्वास पुन्हा संथ झाला, की तेच तुमचं आजचं आसन.

शेवटी पाच मिनिटं नुसतं बसा. श्वास लांबवू नका, रोखू नका. नाकपुडीशी आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी किंचित कोमट; तेवढंच पाहा. प्रत्येक उच्छ्वास मोजत दहापर्यंत जा. चारवर पोचेपर्यंत मन विजेच्या बिलाकडे धावेल. धावू दे. रागावू नका, पुन्हा एकपासून सुरू करा. हे परत येणं, हाच अभ्यास.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, त्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी श्वास रोखण्याचे, जोरजोरात सोडण्याचे प्रकार मनानं करू नयेत. डॉक्टरांना आणि जाणत्या शिक्षकांना विचारावं. औषधं तर बंद करूच नयेत.

याचा उपयोग काय, असं मला लोक विचारतात. मागच्या वर्षी पत्नीची शस्त्रक्रिया चालू होती. मी बाहेर बाकावर तीन तास बसून होतो. काळजी गेली नाही. ती जाणार तरी कशी? पण एक ते दहा, पुन्हा एक ते दहा मोजत मी तिथं बसू शकलो. मुलीला धीर देण्याइतका आवाज माझ्याकडे उरला होता. तिथं ना सतरंजी होती, ना पहाटेची शांतता. श्वास मात्र होता, आणि तो प्रत्येकाजवळ असतोच.