सायकलचा खटका

सायकलची चेन पडली तर ती पुन्हा बसवता येते. हात काळे होतात, एवढंच. पण चेन पडत नाही, तरी मध्येच एखादा दात सोडते, पायाखालचा जोर एकदम नाहीसा होतो, हा आजार वेगळा. आमच्या घरी त्याला ‘खटका’ म्हणतात.

गोष्ट 2014च्या पावसाळ्यातली, सोलापूरची. माझी धाकटी लेक तेव्हा आठवीत होती. सायकल थोरलीची, जुनी, बिनगिअरची. आठवडाभर ती सांगत होती, “अब्बा, चढावर सायकल खटका मारते.” मी एका दुकानातून नवी चेन बसवून आणली आणि प्रश्न मिटला असं समजलो. दुसऱ्याच दिवशी चौकात सिग्नल सुटल्यावर तिनं उभं राहून पायडलवर जोर दिला. चेन उडाली, ती हँडलवर आदळली. मागचा टेम्पो वेळेवर थांबला, म्हणून हनुवटीच्या तीन टाक्यांवर निभावलं.

संध्याकाळी मी सायकल ढकलत मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचाच म्हणत. पान्ह्याला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, “खटका केव्हा येतो? पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला, दोन-अडीच फेऱ्यांनी, की जोर लावल्यावरच?” मला सांगता येईना. जिला ठाऊक होतं, तिला मी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी सायकल उलटी केली आणि मला समोर बसवलं. प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी टक् होत असेल, तर दोष बहुधा चेनचा नसतो. क्रँकची कॉटर पिन ढिली असते, किंवा पुढच्या चक्राचा दात वाकलेला असतो. दोन-अडीच फेऱ्यांनी खटका आला, तर चेनची एखादी कडी आखडलेली असते, कारण चेनचा पूर्ण फेरा व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पायडल सावकाश उलटं फिरवायचं. फ्रीव्हीलवरून सुटताना जी कडी सरळ होत नाही, ती तिथंच उंटासारखी पाठ काढते. ती रॉकेलनं धुवायची, बोटांनी थोडी आडवी हलवून मोकळी करायची, तेलाचा थेंब सोडायचा आणि वरचं तेल फडक्यानं पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं.

जोर लावल्यावरच खटका येत असेल, तर दोन गोष्टी पाहायच्या. चेन दातांवर जागच्या जागी आहे, तरी पायडल रिकामं जातं? मग फ्रीव्हीलच्या आतल्या, स्प्रिंगवर बसणाऱ्या पाचरी धरत नाहीत. चेनच दातांवरून उडते? मग ती सैल तरी आहे किंवा झिजलेली तरी.

झीज मोजायला साधी फूटपट्टी पुरते. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 12.7 मिलिमीटरची. चोवीस कड्या बरोबर बारा इंचांत बसल्या पाहिजेत. अर्धं सूत वाढ दिसली की चेन बदलायची. एक सूत वाढली असेल, तर फ्रीव्हीलचे दातही गेले समजायचे. आपण ‘चेन लांबली’ म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. पिना आणि त्यांची भोकं झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते आणि तिची बेरीज होते.

माझी चूक इथंच होती. जुन्या चेननं फ्रीव्हीलचे दात आपल्या मापानं झिजवले होते. नवी चेन त्या दातांत बसेना, जोर आला की वर चढायची. पैसे वाचवायला मी अर्धं काम केलं, आणि खटका वाढवून ठेवला.

चाचांनी अठरा दातांचं नवं फ्रीव्हील बसवलं. मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक मागं ओढलं. मधोमध बोट लावलं तर चेन अर्धा इंच वरखाली व्हावी, याहून तंगही नको, सैलही नको. चाक दोन्ही दांड्यांच्या बरोबर मध्ये आहे ना, ते पाहूनच नट आवळले. चेनच्या लॉकचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते तिकडे ठेवलं, म्हणजे ते सुटत नाही.

मी गझला लिहितो. ओळ अडखळली की शेवटचा शब्द बदलायची घाई करतो. मात्रा पुष्कळदा आधीच सुटलेली असते. पण ओळ चुकली तर कुणाची हनुवटी फुटत नाही.

लेक आता मोठी झाली, स्वतःची सायकल स्वतः धुते, चेन मोजते. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की मी पान्हा शोधायला उठतो. ती म्हणते, “अब्बा, थांबा. जो वापरतो त्याला आधी विचारा.”

मी खाली बसतो आणि विचारतो.