नागरिकशास्त्राचा खरा धडा



अमेरिकेत १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने १८ वर्षांच्या तरुणांना मताचा हक्क मिळाला. पण अनेक राज्यांत यादीत आपले नाव आपणच घालावे लागते. नाव नाही तर मत नाही. म्हणून टेक्ससच्या कायद्याने हायस्कूलच्या मुख्याध्यापकाकडेच नोंदणीचे काम दिले आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या वा त्या वर्षात होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याने वर्षातून निदान दोनदा अर्ज द्यायचा. केंद्रीय मदत घेणाऱ्या महाविद्यालयांवर १९९८ च्या कायद्याने अर्जवाटपाच्या ‘प्रामाणिक प्रयत्ना’चा भार टाकला. पण ‘प्रयत्न’ हा शब्द मोठा सोयीचा! कोपऱ्यातल्या टेबलावर गठ्ठा ठेवला की कर्तव्य संपले काय? नागरिकशास्त्राला गुण देणाऱ्या शाळेने विद्यार्थ्याला मतदारयादीपर्यंत पोहोचवलेच पाहिजे. मत कोणाला द्यायचे, ते मात्र त्याचे त्याने ठरवावे.