गोळी एकच, कामे तीन



मनाच्या आजारावरील औषधांविषयी आपल्याकडे खेडोपाडी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, "ही सगळी गुंगीची औषधे. माणसाला झोपवून ठेवायचे, दुसरे काय?" कोणी म्हणतो, "शेजारच्या अण्णांना ज्या गोळीने गुण आला, तीच आणा की आपल्या पोराला!" ही दोन्ही मते अपुऱ्या माहितीची आहेत आणि दोहोंपासून अपाय होतो. तो कसा, हे आज एकाच औषधाच्या उदाहरणाने सांगणार आहे. त्या औषधाचे नाव क्वेटियापीन.

हे औषध निरनिराळ्या कंपन्या आपापल्या नावाने विकतात. म्हणून पाकिटावर छापलेले मूळ नाव वाचावे, स्वतःला वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावे.

मनोविकारांवरील आजच्या औषधांचा आरंभ १९५२ साली पॅरिसमध्ये झाला असे मानतात. तेथील डले आणि डेनिकर या डॉक्टरांनी त्या वर्षी क्लोरप्रोमाझीन हे औषध रुग्णांना देऊन पाहिले. रुग्णांचे भास आणि भीती ओसरू लागली. परंतु त्या जुन्या औषधांनी पुष्कळांचे अंग ताठत असे, हात कापत असत. पुढे जी नवी औषधे आली त्यांत हा त्रास बराच कमी झाला. क्वेटियापीन हे त्यांपैकीच एक. अमेरिकेत त्याला १९९७ साली मान्यता मिळाली, ती छिन्नमनस्कतेसाठी, म्हणजे ज्या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्यावर कोणी पाळत ठेवली आहे असे वाटते, त्या आजारासाठी. मग असे दिसून आले की, हेच औषध मनाच्या खिन्नतेवरही चालते.

एक गोळी इतकी निरनिराळी कामे कशी करते? आपल्या मेंदूतील पेशी काही रसायनांच्या द्वारे एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप घेण्यासाठी पेशींना जणू दारे असतात. क्वेटियापीन त्यांतली काही दारे अडवते. मात्रा अगदी थोडी, म्हणजे २५ किंवा ५० मिलिग्रॅम असली, तर मुख्यतः हिस्टामिन नावाच्या रसायनाचे दार अडते आणि झोप येते. मात्रा वाढली की सेरोटोनिनच्या दारावर परिणाम होतो. शिवाय शरीरात या औषधापासून दुसरे एक द्रव्य तयार होते, ते नॉरॲड्रेनलिनचे काम वाढवते. मनाची मरगळ उतरते ती यामुळे, असे शास्त्रज्ञ समजतात. मात्रा आणखी वाढली, पुष्कळदा दिवसाला ४०० ते ८०० मिलिग्रॅमपर्यंत गेली, म्हणजे डोपामिनचे दार पुरेसे अडते आणि भास व संशय आटोक्यात येतात.

आता अण्णांच्या गोळीचा विचार करा. त्यांची २५ची आणि तुमच्या मुलाची ३००ची, नाव एक असले तरी काम एक नाही. "तो तर एवढीशी घेतो, मग आपल्याला एवढी कशाला?" असे म्हणून घरच्या घरी गोळीचे तुकडे करणारे लोक औषध नुसते कमी करत नाहीत, त्याचे कामच बदलून टाकतात. झोप लागते, आजार मात्र जागाच राहतो.

या औषधाचा विशेष उपयोग होतो तो द्विध्रुवी विकारात. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी ती या रुग्णाच्या मनाला असते. भरतीच्या काळात तो रात्र रात्र झोपत नाही, अखंड बोलतो, कर्ज काढून उधळपट्टी करतो. ओहोटीत अंथरूण सोडत नाही, जेवत नाही, जगण्यात राम नाही म्हणतो. घरच्यांना ओहोटीच तेवढी आजार वाटते. डॉक्टरांना ते तेवढेच सांगतात. मग खिन्नतेचे नेहमीचे औषध एकटेच दिले गेले, तर काही रुग्णांचे मन उसळून थेट भरतीला लागते. क्वेटियापीन दोन्ही बाजूंनी आवर घालते. ओहोटीसाठी त्याची मात्रा बहुधा दिवसाला ३०० मिलिग्रॅम असते आणि या उपयोगाला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. साध्या खिन्नतेत एका औषधाने भागले नाही, तर त्याच्या जोडीला हे औषध देण्यास २००९ साली मान्यता मिळाली. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना रुग्णाची उदासी सांगाच, पण पूर्वी कधी त्याच्या मनाला असे उधाण आले होते का, तेही आठवून सांगा. त्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलू शकते.

गुण आहेत तसे दोषही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला दोष पोटातून कळतो. भूक वाढते, वजन वाढते, रक्तातील साखर आणि चरबी वाढू शकते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि चरबी तपासावी, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावी आणि पुढे दर वर्षी पाहत राहावी. घरात मधुमेह असेल तर ते आवर्जून सांगावे. दुसरा दोष असा की, उठताना रक्तदाब एकदम उतरतो. रात्री लघवीला उठलेली म्हातारी माणसे चक्कर येऊन पडतात. आधी खाटेवर बसावे, मग उभे राहावे. तोंडाला कोरड पडते, मलावरोध होतो. उन्हाळ्यात शरीराची उष्णता आवरण्याची शक्ती मंदावते, म्हणून भर दुपारी शेतात राबू नये, पाणी भरपूर प्यावे. गुंगी असेपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांपासून दूर राहावे. दारू तर या गोळीबरोबर मुळीच नको. फिट्सवरील काही औषधांनी हिचा गुण कमी होतो, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

तीन गोष्टी मात्र तातडीच्या आहेत. जोराचा ताप, अंग लाकडासारखे ताठणे आणि भान हरपणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. हा प्रकार विरळा, पण जीवघेणा आहे. पंचविशीच्या आतील मुलामुलींवर औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. या काळात आत्महत्येचे विचार बळावू शकतात. आणि वार्धक्यात ज्यांची स्मृती ढासळली आहे, त्यांना केवळ गप्प बसवण्यासाठी हे औषध देऊ नये. अशा वृद्धांत या वर्गातील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला.

हे ऐकून कोणी गोळी उद्यापासून बंद करील, तर ती मोठी चूक ठरेल. एकदम सोडल्यास झोप उडते, मळमळ होते, उलट्या होतात आणि दबलेला आजार पुन्हा डोके वर काढतो. बरे वाटू लागले म्हणजे आजार गेला असे नव्हे. कमी करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. साधी झोप येत नाही म्हणून दुकानातून ही गोळी आणणे हेही तितकेच गैर. गरोदर स्त्रीनेही विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि बंदही करू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. हुशार मुलगा एकाएकी मागे पडला, एकटा बसू लागला, किंवा भलत्याच बढाया मारू लागला, तर त्याला आळशी वा उद्धट ठरवण्यापूर्वी पालकांशी खाजगीत बोला. निदान करणे तुमचे काम नाही, पण पहिली हाक तुम्हीच देऊ शकता. वर्गात कोणी औषध घेत असेल आणि त्याला पेंग येत असेल, तर त्याची थट्टा होऊ देऊ नका.

मदत कोठे मिळेल? जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. १०ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे, कोणाचे उपकार नव्हेत.

देवाला नवस बोलायचा तर अवश्य बोला. पण गोळीची वेळ चुकवू नका, मात्रा बदलू नका आणि वजनकाट्यावर उभे राहण्याचा कंटाळा करू नका. एवढे घरच्यांनी सांभाळले, तर या औषधाचे भय बाळगण्याचे कारण नाही.