आम्हांला आवडलेल्या आणि न आवडलेल्या कादंबऱ्या



अध्यक्षांनी आताच आमची ओळख 'साहित्याचे अभ्यासक' अशी करून दिली. ती त्यांच्या सौजन्याला शोभली, पण खरी नाही. आम्ही टीकाकार नाही, प्राध्यापक नाही, आणि चार ओळींची गोष्टसुद्धा आमच्या हातून कधी उतरलेली नाही. आम्ही वाचनालयाचे वर्गणीदार आहोत. गेली पन्नाससाठ वर्षे वर्गणी भरली, आणि पुस्तक मुदतीत परत न केल्याचा दंड वर्गणीहून थोडा अधिकच भरला. एवढ्याच भांडवलावर आज आपल्यापुढे उभे आहोत.

दुसरी अडचण अशी की, आम्ही सांगलीचे आणि व्याख्यान साताऱ्यात. परंतु वाळवा तालुका १९४९ सालापर्यंत तुमच्याच जिल्ह्यात होता. मग 'दक्षिण सातारा' असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगलीचे नाव मिळाले. तेव्हा आज ज्या पुस्तकांविषयी बोलायचे, त्यांतले एखादे तुमचे की आमचे असा वाद निघालाच, तर दोघांनाही जिंकता येईल.

सुरुवात घरापासून करतो. वि. स. खांडेकर यांचा जन्म १८९८ साली सांगलीत झाला. त्यांचे जन्मनाव गणेश. विष्णू हे नाव पुढे दत्तक गेल्यावरचे. आमच्या लहानपणी सांगलीत खांडेकर न वाचलेला मुलगा म्हणजे गणपतीला न गेलेला मुलगा. आम्ही सोळाव्या वर्षी 'क्रौंचवध' वाचली. रात्री कंदील बारीक करून वाचली, आणि दिलीप व सुलू यांच्यासाठी इतके रडलो की आईला वाटले, पोराचे पोट दुखते आहे. तिने ओव्याचे पाणी करून दिले. तेही आम्ही प्यायलो, कारण खरे कारण सांगण्याची लाज वाटत होती. मग एक वही घातली. तीत खांडेकरांची वाक्ये सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. 'उल्का', 'दोन ध्रुव', 'अश्रू' असे करता करता वही भरली.

ही वही तीसएक वर्षांनी घर बदलताना हाती आली, तेव्हा आम्ही ती उभ्याउभ्याच चाळली. वाक्ये सुंदर होती, अजूनही आहेत. पण वहीभर कोठेही कोणी जेवत नव्हते, कोणाला घरभाडे द्यावे लागत नव्हते, कोणाच्या नाकाडोळ्यांची ठेवण कळत नव्हती. प्रथम वाटले, उतरवून घेताना आम्हीच तेवढे गाळले असेल. म्हणून पुस्तके पुन्हा आणली. पुस्तकांतही ते फारसे नव्हते. बाप, मुलगी, डॉक्टर, क्रांतिकारक, सगळे एकाच आवाजात बोलत होते, आणि प्रत्येकाच्या दुःखाला एक उपमा तयार होती. आम्ही फार खट्टू झालो. ज्या माणसाने आपल्याला वाचायला शिकवले त्याच्यात दोष दिसावा, हा आनंदाचा प्रसंग नव्हे.

आमचे एक स्नेही, निवृत्त शिक्षक आणि खांडेकरांचे निस्सीम भक्त, यांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "अहो, मग सोळाव्या वर्षी तुम्ही रडलात ते काय खोटे रडलात?" याला उत्तर आमच्याजवळ तेव्हा नव्हते, आजही नाही. एवढे मात्र सांगतो की 'ययाति'ला आम्ही या तक्रारीतून अर्धे वगळले आहे. १९५९ सालची ही कादंबरी. तिच्या कर्त्याला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले, मराठीतले पहिले. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघेही आपापली हकीकत स्वतः सांगतात, आणि त्यात देवयानीचा राग खरा आहे. तिच्या तोंडी उपमा आली तरी ती फणकाऱ्याने येते. पण कच बोलू लागला की आम्हांला अजून शाळेच्या बाकावर बसवल्यासारखे होते.

आता याच्या उलट गोष्ट. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. आम्ही ती विशीत वाचायला घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत केली. ग्रंथपालांनी विचारले, "का हो, आवडली नाही?" आम्ही म्हणालो, "यात काही घडतच नाही." एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरवतो, लोकांकडून तालीम बांधवून घेतो, तिच्या उद्घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात, पुढे पाऊस पडत नाही, वाडी उठून जाते, मास्तरही निघतो. ना प्रेम, ना त्याग, ना शेवटच्या प्रकरणातले पत्र! खांडेकरांवर वाढलेल्या वाचकाला ही भाकरी बिनमिठाची वाटली.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या दिवसांत कामानिमित्त आमचे आटपाडीकडे जाणे होई. माडगूळकरांचे माडगुळे त्याच तालुक्यातले, पूर्वीच्या औंध संस्थानातले. सांगलीत कृष्णेच्या काठी राहणाऱ्याला तो मुलूख परका वाटतो. आम्हांला पाण्याची भीती ठाऊक, ती पुराची. एका वाडीवर गेलो, तर चारपाच घरांच्या दारांना बाभळीच्या काट्या लावून ठेवलेल्या. कुलपे नव्हती. आत चोरून नेण्यासारखे काही नव्हते; काट्या लावल्या होत्या त्या कुत्री शिरू नयेत म्हणून. ओट्यावर एक म्हातारा बसला होता. "मंडळी कुठं गेली, बाबा?" म्हणून विचारले. तो म्हणाला, "गेली जगायला." आणि गप्प बसला.

परत आल्यावर आम्ही 'बनगरवाडी' पुन्हा मागितली. त्या रात्री कळले की यात सर्व काही घडते, फक्त लेखक ते आपल्या कानाशी येऊन ओरडत नाही. मेंढरांचा वास, म्हाताऱ्या कारभाऱ्याचा मान, आधी कोणी मनावर न घेतलेली आणि मग सगळ्या वाडीने अंग मोडून उभी केलेली ती तालीम. एवढ्या कष्टाने बांधलेली ती इमारत शेवटी माणसांवाचून उरते. लेखक त्यावर एक उसासाही टाकत नाही. त्यानंतर ही कादंबरी आम्ही चार वेळा वाचली आहे. प्रत्येक वेळी ती गेल्या वेळेपेक्षा लहान वाटते आणि संपायला अधिक वेळ लागतो.

बाकीच्यांना थोडक्यात निरोप देतो. बा. सी. मर्ढेकरांचे मूळ गाव तुमच्याच जिल्ह्यातले मर्ढे. त्यांची कविता आम्हांला उशिरा का होईना पण कळली. 'रात्रीचा दिवस' मात्र दोनदा आरंभली आणि दोनदा मिटली. दोष कादंबरीचा असेल असे आम्ही म्हणत नाही. 'बनगरवाडी'पासून आम्ही जपून बोलतो.

ऐतिहासिक कादंबरीला साताऱ्यात नावे ठेवायची म्हणजे अजिंक्यताऱ्याखाली उभे राहून वर दगड फेकायचा; तो आपल्याच डोक्यावर यायचा. तरी सांगतो, की बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्यांत आम्हांला माणसांपेक्षा पोशाख अधिक भेटले. खटावला जन्मलेले ना. सं. इनामदार यांची 'झेप' त्याला अपवाद. बखरीत आणि इंग्रजी कागदांत ज्याला कोणी चांगले म्हटले नाही, त्या त्रिंबकजी डेंगळ्याला त्यांनी नायक केले, हे धाडस आम्हांला आवडले. तुमचे प्रतापसिंह महाराज १८३९ साली पदच्युत होऊन काशीस गेले, रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन विलायतेत वर्षानुवर्षे राहिले. यावर आमच्या मनासारखी कादंबरी अजून आमच्या हाती लागलेली नाही. या सभागृहात कोणी लिहिणारा बसला असेल तर त्याने ऐकावे.

आता ज्या पुस्तकासाठी हे बोलावणे स्वीकारले, त्याकडे येतो. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे 'ययाति'च्याच वर्षी. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातील वाटेगावचे. १९६१ साली 'फकिरा'ला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. आमच्या घरापासून वाटेगाव मोटारीने फार तर दोन तासांचे. आणि आम्ही ती कादंबरी वयाची पंचेचाळिशी उलटेपर्यंत उघडली नाही.

का उघडली नाही? कोणी मनाई केली नव्हती. आमच्या घरी, आमच्या आळीत, आमच्या बैठकीत एक समजूत होती की हे तमाशा-पोवाड्यांतले लेखन. कामगारांनी वाचावे, आपण नव्हे. आम्ही न वाचताच या कादंबरीवर मत देत होतो. एकदा तर वाचनालयाच्या बैठकीत, नव्या प्रती घ्याव्या की न घ्याव्या असा प्रश्न आला असता, "ती कोण वाचतो?" असे आम्हीच विचारले होते. हे वाक्य आमचे आहे, दुसऱ्या कोणाचे नाही.

पुढे एका पावसाळ्यात हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून ती घेतली. गावाच्या जत्रेसाठी शिगावहून जोगिणी आणणारा राणोजी, त्या कामी त्याला आलेले मरण, आणि मग त्याचा मुलगा फकिरा. दुष्काळ पडतो, पटकी येते, मातंग वाड्यातली माणसे उपाशी मरू लागतात, आणि सरकारला त्यांची आठवण होते ती हजेरी घेण्यापुरती. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनी रोज जाऊन आपण पळालो नाही असे दाखवायचे! फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो, आणि आप्त ओलीस धरले गेल्यावर त्यांच्यासाठी स्वतःला सरकारच्या हवाली करतो.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. लढाईची वर्णने एकासारखी एक आहेत, चांगली माणसे फार चांगली आहेत, आणि लेखकाला कोठे तरी पोहोचण्याची सारखी घाई आहे. पण उपाशी माणसाला धान्याचा ढीग कसा दिसतो, हे आम्ही मराठीत असे दुसरीकडे वाचलेले नाही. आमच्या त्या वहीत भाकरी नव्हती असे मघाशी म्हणालो. ती येथे होती. गावचे विष्णुपंत कुलकर्णी उपाशी माणसांच्या बाजूने उभे राहतात, तेथे आम्ही पुस्तक थोडा वेळ खाली ठेवले. आमच्या आळीत तसे कोणी असते का, याचा हिशेब मनात चालू झाला आणि तो जमेना.

ती प्रत परत करताना मागे चिकटवलेला तारखांचा कागद पाहिला. तो भरला होता. त्याच्याखाली दुसरा होता, तोही भरलेला. "ती कोण वाचतो?" या आमच्या प्रश्नाचे उत्तर शिक्क्यांनी इतक्या वेळा दिले होते, आणि आम्ही त्याच इमारतीत बसून ते विचारत होतो.

खांडेकरांवरचे आमचे मत आमच्या स्नेह्यांना मान्य नाही. ते आज मुद्दाम सांगलीहून आले आहेत आणि पहिल्याच रांगेत बसले आहेत. मघापासून ते घड्याळाकडे पाहत आहेत. त्यांना बोलायला वेळ हवा आहे. आम्ही थांबतो.