इस्राएल लोकांचें मिसरांतून प्रयाण

ज्यू लोकांचा वल्हांडण सण दरवर्षीं वसंत ऋतूंत येतो. त्या रात्रीं घरोघर एक प्राचीन कथा वाचली जाते. मिसर देशांत फारोच्या दास्यांत पिचलेले इस्राएल लोक मोशेच्या मागोमाग बाहेर पडले, दुभंगलेल्या समुद्रांतून पार झाले आणि चाळीस वर्षें रानांत भटकून कनान देशाच्या सीमेवर पोंचले, अशी ती कथा. कोंकणांतील बेने इस्राएल समाजासहि ती परकी नाहीं. तिचा पाठ मराठी भाषांतरासह १८७४ सालीं पुण्यास छापला गेला. या कथेस इतिहासाचा आधार कितपत आहे?

प्रथम संख्येचा विचार करावा. बायबलांतील निर्गम ग्रंथ निघालेल्या पुरुषांची गणती सहा लक्ष करतो. बायकामुलें धरल्यास हा समुदाय वीस लक्षांच्या घरांत जातो. म्हणजे त्या काळच्या मिसर देशाची जवळजवळ निम्मी प्रजा! एवढा समुदाय निघून जातां तर शेतें ओस पडतीं. पण मिसरच्या इतिहासांत अशा उत्पाताची खूण नाहीं. ज्या कादेश-बर्ण्यास इस्राएलांचा दीर्घकाळ तळ होता, तेथील मानल्या जाणाऱ्या टेकाडाचें १९७६ ते १९८२ पर्यंत उत्खनन झालें, त्यांतहि इ. स. पू. तेराव्या शतकांतील वस्ती आढळली नाहीं.

कालनिर्णयहि सोपा नाहीं. शलमोनाचें मंदिर प्रयाणानंतर ४८० व्या वर्षीं आरंभिलें, असें राजांचा ग्रंथ म्हणतो. त्यावरून ही घटना इ. स. पू. पंधराव्या शतकांत जाते. परंतु दासांनीं बांधलेल्या नगरांत रामसेस हें नांव येतें, आणि त्या नांवाची राजधानी उभारणाऱ्या दुसऱ्या रामसेसची कारकीर्द इ. स. पू. १२७९ ते १२१३ अशी आहे. शिवाय त्या काळीं कनान देशावरहि मिसरचीच सत्ता होती. तेव्हां फारोच्या हातून सुटून लोक फारोच्याच मुलखांत जात होते, असें होतें!

तथापि दुसरी बाजूहि तितकीच विचारार्ह आहे. फ्लिंडर्स पेट्री यांस १८९६ सालीं थीब्ज येथें मेर्नेप्ताह राजाचा शिलालेख सांपडला. इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या त्या लेखांत इस्राएलांचा नाश केल्याची बढाई आहे, आणि त्या नांवापुढील चिन्ह देशाचें नसून लोकसमूहाचें आहे. म्हणजे त्या नांवाचे लोक तेव्हां कनानांत होतेच. सीमेवरील ठाणें ओलांडून पळालेल्या दोन दासांचा पाठलाग केल्याचें एका मिसरी पत्रांत नमूद आहे. दासांनीं त्या वाटेनें पळ काढणें ही अनोखी गोष्ट नव्हती. मोशे हें नांवहि मिसरी असून, थुतमोस या राजनांवांतील 'जन्मलेला' या अर्थाच्या शब्दाशीं त्याचें नातें आहे. फिनहास व हफनी हीं पुरोहितकुळांतील नांवेंहि मिसरीच होत.

कनानच्या डोंगराळ भागांत इ. स. पू. १२०० च्या सुमारास शेंकडों लहान खेडीं वसलीं. त्यांतील मडकीं पाहतां बहुतेक रहिवासी तेथलेच असावेत. अशा लोकांत मिसरांतून निसटलेली एक लहान टोळी, कदाचित् लेवी कुळाची, येऊन मिसळली, आणि तिच्या सुटकेची आठवण कालांतरानें सर्व राष्ट्राची झाली, असें अनेक विद्वान मानतात. उपलब्ध पुराव्याशीं हें मत सर्वांत जुळतें आहे, मात्र तें सिद्ध झालेलें नाहीं.

राजवंश आपली उत्पत्ति सूर्याचंद्रापासून सांगतात. या लोकांनीं ती विटा थापणाऱ्या दासांपासून सांगितली. आपल्या पूर्वजांस गुलाम म्हणवून घेण्याची हौस कोणासहि नसते. सहा लक्षांची गणती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं हें खरें. परंतु तिच्या मागें कांहीं माणसांची खरीखुरी सुटका असावी, हा तर्क मात्र अद्याप टिकून आहे.