कोयत्याला हजेरीपुस्तक द्या!



तुम्ही हार घातलात, आता कडू ऐकायची तयारी ठेवा.

कामगार कायदे कडक आहेत म्हणून उद्योग येत नाहीत, हे पालुपद आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. तीनशेपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला आता कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. मालकाला मोकळीक मिळाली. पण बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड्याला कामावर ठेवताना कोणता कायदा कधी आडवा आला होता? त्याला ना नेमणूकपत्र, ना हजेरी, ना रजा. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की टोळी गाडीत. कारखान्याचा पट्टा पडला की माघारी. आजारी पडला तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीच्या डोक्यावर. एवढं मोकळं रान असूनही इथं उद्योग आले का? मग दोष कायद्याला कशाला देता?

नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळी ती बांधते, डोक्यावर ती वाहते, पैसे नवऱ्याच्या हिशेबात. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या, तेव्हा सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जनाबाईच्या गंगाखेड तालुक्यात बसून आपण बाईच्या कष्टाच्या ओव्या किती दिवस नुसत्या गाणार?

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. चांगलं झालं. पण दरवाढीनं म्हातारपण निघत नाही.

मालकाला मोकळीक आणि कामगाराला आधार, दोन्ही एकत्र जमतं. डेन्मार्कमध्ये मालक माणसाला सहज काढू शकतो, पण काढलेल्याला भत्ता आणि नवं कौशल्य मिळतं. आपल्याला तिकडे पाहायचीही गरज नाही. महाराष्ट्रानं 1969 सालीच हमालांसाठी माथाडी कायदा केला. हमालाला रोज वेगळा व्यापारी, तरी नोंदणी एका मंडळाकडे. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. बाजार बुडाला नाही, हमाल माणसात आला. ऊसतोड्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे; त्याला हेच अधिकार द्या. उचल या महामंडळानं द्यावी, मजुरी त्याच्यातूनच मिळावी, बाईचं खातं वेगळं असावं.

कारखानदार म्हणतील, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. साहेब, ऊस तर तुमच्याच गव्हाणीत पडतो ना?

आणि लेखकांनो, फडावरच्या दुःखावर टाळ्या पुष्कळ मिळवल्या. आता या संमेलनाचा पहिला ठराव हाच करा: पुढच्या हंगामाआधी प्रत्येक तोडणीवाल्याची आणि तोडणीवालीची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी हात वर करावा. व्यासपीठावरच्यांनीसुद्धा!