गेन म्हणजे आवाज नव्हे
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानावरून)



'गाडीतील अ‍ॅम्प्लिफायर' हा विषय फलकावर लागला तेव्हा काही ज्येष्ठांना हसू आले असेल. पण इंदूरच्या आपल्या घरांत नातवंडांच्या कानांवर सलग मराठी केव्हा पडते? शाळा इंग्रजी, खेळगडी हिंदी. उरतो तो पुण्या-नाशिककडे जातानाचा प्रवास. तेव्हा आजोबांची नाट्यगीते, आईची भावगीते आणि मुलांची बडबडगीते एकाच स्पीकरमधून ऐकली जातात. तो आवाज फाटला की आधी शब्द हरवतात, मग मुले म्हणतात, "आजोबा, बंद करा ना!" म्हणून आम्ही, मंडळाची ध्वनिव्यवस्था पाहणारी मंडळी, गेनविषयी थोडे सांगणार आहोत.

अ‍ॅम्प्लिफायरवर 'गेन' नावाचे लहानसे बटण असते. ते आवाजाचे बटण समजून पुष्कळजण पूर्ण फिरवतात. त्याचे काम वेगळे आहे. कुणाचा स्टिरिओ 2 व्होल्टचा सिग्नल देतो, कुणाचा 4 व्होल्टचा. त्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायरचा मेळ घालणे, एवढेच गेनचे काम. गेन वाढवून ताकद वाढत नाही. 50 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर 50 वॅटचाच राहतो, फक्त मर्यादेला लवकर पोचतो. त्यापुढे ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. अशी पूर्ण सपाट झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोलसर लहरीच्या दुप्पट शक्ती स्पीकरमध्ये ओतते, आणि त्याची कॉइल तापून जळू शकते.

आता कृती. प्रथम बेस बूस्ट आणि लाऊडनेस बंद करावेत, इक्वलायझर मधोमध ठेवावा, गेन अगदी कमी करावा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवाव्यात. त्यांची टोके एकमेकींना किंवा गाडीच्या पत्र्याला लागू देऊ नयेत. मग अ‍ॅम्प्लिफायर सुरू करून स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवावा, म्हणजे कमाल 40 असेल तर 30. साध्या स्पीकरसाठी 1,000 हर्ट्झचा, सबवूफरसाठी 50 हर्ट्झचा, 0 डेसिबल पातळीचा चाचणीस्वर लावावा.

आता थोडे गणित. वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे. 50 वॅट आणि 4 ओहम असतील तर गुणाकार 200, वर्गमूळ सुमारे 14.1. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलांना लावावा आणि 14.1 व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवून थांबावे. स्पीकरची क्षमता अ‍ॅम्प्लिफायरहून कमी असेल तर गणितात स्पीकरचे वॅट धरावेत. काही स्वस्त मीटर 1,000 हर्ट्झला चुकीचे आकडे दाखवतात, तेव्हा माहितीपत्रक आधी पाहावे. इंजिन चालू ठेवायचे असेल तर गाडी मोकळ्या जागी उभी करावी, बंद गॅरेजमध्ये नको.

मीटर नसेल तर कान आहेत. ओळखीचे, स्वच्छ ध्वनिमुद्रणाचे गाणे लावावे. आवाज किंचित फाटू लागला की गेन मागे घ्यावा. मग गाणे थांबवून ऐकावे. शांततेत 'सूं' आवाज येत असेल किंवा इंजिनच्या वेगाबरोबर शिट्टी चढत असेल, तर बहुधा गेन अजून जास्त आहे. एकदा जुळवल्यावर बेस बूस्ट वाढवू नये, कारण तेच क्लिपिंग परत येते.

मंडपातही हाच नियम लागू पडतो. मागच्या रांगेला आरतीचे शब्द कळत नसतील तर गेन पिळून उपयोग नाही. स्पीकर नीट जागी ठेवावेत आणि माइक तोंडाजवळ धरावा. कायदाही लक्षात असू द्या. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज 75 डेसिबलच्या वर जाता कामा नये. शांत वस्तीत मर्यादा त्याहूनही कमी असते. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला सरकारने सणासाठी दिलेली खास सवलतच लागते.

आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ मंद्रात, संथपणे गात आणि श्रोते कान देऊन ऐकत. मुलांनाही तशीच कान देण्याची सवय लागावी, एवढ्यासाठी दिवाळीच्या प्रवासाआधी अर्धा तास काढून हे बटण तपासावे. मदत लागली तर आम्ही मीटर घेऊन येऊ.

गणपती बाप्पा मोरया!